समासातली फुली

मी पायाची नखं कापत बसले होते आणि रेडिओवरची बाई म्हणाली, साहेबांची प्रकृती स्थिर आहे. माझ्या हातातलं नेलकटर घसरलं आणि करंगळीच्या नखाचा तुकडा उडून कपाटाखाली गेला. हे ऐकून सगळ्या शहराने हुश्श केलं असेल. मला मात्र तो शब्द चांगला ओळखीचा होता; कितीदा तो माझ्याच बोटांखालून गेला होता. एकतीस वर्षं मी साहेबांच्या कचेरीत लघुलेखिका होते. कुणी मोठा माणूस आजारी पडला की आम्ही पत्रक काढायचो. आधी ‘प्रकृतीत सुधारणा’, मग ‘प्रकृती समाधानकारक’, आणि डॉक्टरांनी खाजगीत मान हलवली की आमचे हेडक्लार्क माझ्या टेबलाशी येऊन हलकेच म्हणायचे, “स्थिर घाला.” स्थिर घातलं की चार-पाच दिवसांत दुसरं पत्रक टाइप करायला तयार राहायचं. म्हणजे आता साहेबांचंही कुणीतरी स्थिर घातलं होतं. मी तशीच बसून राहिले, एका पायाची नखं कापलेली, दुसऱ्याची वाढलेली. रडू आलं नाही. ब्याण्णव वर्षांचा माणूस, सगळं करून, सगळं पाहून झालेला. त्याच्यासाठी रडायचं तरी कुठून सुरू करणार? बसून राहिले ती वेगळ्याच कारणाने. साहेबांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. एकावन्न वर्षं मी ती उद्यावर ढकलत आले होते, आणि आता त्यांच्याकडे उद्या फारसे उरले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांची मुलगी. ती दातांची डॉक्टर आहे, आणि समोरच्याचं तोंड आपण उघडं ठेवलेलंच आहे अशा हिशेबाने बोलते. उत्तराची वाट बघत नाही. “मावशी, आज याल का? बाबा सकाळपासून पेन्सिल पेन्सिल करतायत. मी दोन आणून दिल्या, टोक काढून. दोन्ही फेकल्या. म्हणाले, ही नव्हे, ती चष्मेवाली.” पेन्सिल म्हणजे मी. नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते, काडीसारखी, आणि अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. साहेबांनी पहिल्याच दिवशी बारसं करून टाकलं. आता माझा आकार बघितला तर खोडरबर म्हणायला हरकत नाही, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. “येते,” मी म्हटलं. “डॉक्टर काय म्हणतात?” “स्थिर,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मी काही बोलायची वाट बघितली.

बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवीत एक कोरी वही आणि टोक काढलेल्या तीन पेन्सिली होत्या. कशाला घेतल्या ते मलाच माहीत नाही, सवय. बस थांबत थांबत जात होती आणि मी मनातल्या मनात सुरुवात जुळवत होते. साहेब, एक सांगायचं होतं. साहेब, रागावणार नसाल तर. साहेब, तुम्हाला ती दुपार आठवते का? मला ती इतकी लख्ख आठवते की कालची दुपार तिच्यापुढे फिकी पडावी. तीन वाजले होते, पण भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेनऊच होते, कारण ते बंद पडलं होतं. साहेब तेव्हा एकेचाळीस वर्षांचे, नवे मंत्री. सभागृहातली निम्मी माणसं भांडून उठून गेली होती आणि दोन महिने झाले तरी परत येत नव्हती. गल्लीगल्लीत तेच भांडण शिरलं होतं. भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. त्या संध्याकाळी साहेब रेडिओवरून बोलणार होते आणि मी भाषण उतरवून घेत होते. माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून, खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा येरझाऱ्या घालत ते सांगायचे. आणि तेवढ्यात घड्याळ दुरुस्त करणारा आला. शिपायाने त्याला आत सोडलं, शिडी लावून दिली. बाह्या दुमडलेल्या, ओठांत दोन स्क्रू, एका डोळ्याला भिंग. आपल्या कामात इतका बुडालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. साहेब बोलत होते, माझी पेन्सिल चालत होती, आणि शिडीवरच्या त्या माणसाने घड्याळाचा लंबक एका बोटाने असा काही हळूच ढकलला, झोपलेल्या मुलाला उठवावं तसा, की माझं लक्षच गेलं. त्याने खाली पाहिलं. टकटक चालेल ना, असं खुणेनेच विचारलं. मी मान हलवली. तो हसला, एक स्क्रू ओठांतून निसटला, तो त्याने हवेतच झेलला आणि मीही हसले. एवढंच. पुन्हा वहीकडे वळले तर साहेब पुढे निघून गेले होते, आणि माझ्या ओळीत त्या जागी नुसती एक भरकटलेली रेघ होती, मुंगी चालत गेल्यासारखी.

आमच्या कचेरीत याला नियम होता. हेडक्लार्कांना आम्ही टाचणी म्हणायचो, कारण बोलतानासुद्धा त्यांच्या ओठांत दोन-तीन टाचण्या असत. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात बजावलं होतं: “गाळलं तर समासात फुली मारा आणि साहेबांना विचारा. तोंड आहे ना? पण पदरचा एक शब्दही घालायचा नाही. तुमच्या पदराला इथे पगार नाही.” मी फुली मारली. विचारायला उठलेही. पण साहेब जिना उतरून गाडीत जाऊन बसले होते, गाडीचं दार उघडं होतं, आणि टाचणी माझ्या डोक्याशी उभे राहून घड्याळाकडे बोट दाखवत होते. घड्याळ आता चालू झालेलं! “बाई, कागद! कागद!” कागदावर शेवटचं वाक्य होतं: ‘समोरची बाकं रिकामी आहेत, अशा वेळी आपण काय करायचं?’ आणि पुढे रेघ. प्रश्न विचारून माणूस गप्प बसला असं रेडिओवर चाललं नसतं. माझ्या बोटांनी मला न विचारताच टाइप केलं: ‘दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी लावायची नाही. परत येणाऱ्याला दार वाजवायची लाज वाटते.’

ते माझ्या आईचं वाक्य. माझी मोठी बहीण वडलांशी भांडून घर सोडून गेली होती, तिच्या मनातल्या माणसासाठी. वडील म्हणाले, मला एकच मुलगी. आईने त्या दिवसापासून पुढच्या दाराला कडी लावू दिली नाही. वडील चिडायचे, चोर येतील म्हणायचे. “येऊ देत,” आई म्हणायची, “चोराला काय, तो कडी असली तरी येतो. परत येणाऱ्याला मात्र दार वाजवायची लाज वाटते.” दोन वर्षं आमच्या दारातून वारा, पानं, शेजारचं मांजर, सगळं आत आलं. आणि एका दुपारी बहीण आली. आई मटार सोलत बसली होती. तिने वर पाहिलंही नाही. एवढंच म्हणाली, “पाय पुसून ये.” मग बराच वेळ दोघी एका ताटातले मटार सोलत बसल्या, आणि आईने सोललेले दाणे सालींत टाकले आणि साली भांड्यात.

त्या संध्याकाळी रेडिओवर साहेबांच्या आवाजात ते वाक्य ऐकलं तेव्हा मी आधी आईकडे पाहिलं. ती कानामागे हात धरून ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, “बघ, एवढा मोठा माणूस, पण अगदी आपल्यासारखं बोलतो.” आपलंच आहे ते, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आठ दिवसांत उठून गेलेली माणसं एकेक करून सभागृहात परतायला लागली. पहिला जो आला, पांढऱ्या मिशांचा, तो दारातून ओरडून म्हणाला म्हणे, “वाजवलं नाही हो मी!” आणि सगळं सभागृह हसलं. मग ते वाक्य सुटलंच. भिंतींवर गेलं, शाळेच्या पुस्तकात गेलं, लग्नाच्या भाषणांत गेलं. साहेबांनी पुढे धरणं बांधली, तह केले, दोनदा राज्य चालवलं. पण लोक त्यांना ओळखायचे ते त्या एका वाक्याने. मी कुणाला सांगू? फक्त घड्याळवाल्याला सांगितलं, पुढच्या वर्षी त्याच्याशी लग्न झालं तेव्हा. तो भिंग न काढता म्हणाला, “घड्याळ चालतंय ना? मग झाकण उघडायचं नाही.” तो होता तोवर मी त्याचं ऐकलं. तो गेल्यालाही आता सहा वर्षं झाली, आणि झाकणाखालचं माझं मला ऐकू यायला लागलं होतं, दुपारी घर शांत असताना जास्तच. साहेब आता जाणार, त्यांच्या दगडावर ते वाक्य कोरणार, आणि आयुष्यभर खरं बोलायचा प्रयत्न केलेला माणूस उसनं वाक्य उशाशी घेऊन झोपणार, आणि ते उसनं आहे हे त्याला माहीतही नसणार. सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं म्हणजे अंथरुणावरच्या माणसाचं पांघरूण ओढून घेण्यासारखं होतं. बसमधून उतरताना मी इतकी घाई केली की कंडक्टर म्हणाला, “आजी, सावकाश. कुठे पळून जात नाही कुणी.” म्हटलं, बाबा, जातायत ना, तेच तर.

साहेब खिडकीशी चाकांच्या खुर्चीत होते. केवढेसे झाले होते! मोठा सदरा खुर्चीत ठेवावा आणि त्याच्या आत कुणी असेल-नसेल, तसे. पण डोळे तेच, आणि भुवया तर वाढून आणखीच रागीट. “पेन्सिल,” म्हणाले, “उशीर. टाचणीला सांगतो.” टाचणी जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगी दवाखान्यात निघाली होती. एका रुग्णाची दाढ अर्धी काढून ठेवल्यासारखी ती घाईत होती. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, “दमवू नका हं त्यांना. आणि हसवू नका, खोकला येतो.” नर्स शेजारच्या खोलीत औषधांच्या बाटल्या लावत होती. मी स्टूल ओढून बसले. साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मी सुटले, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तर डोळे मिटूनच म्हणाले, “तू काहीतरी गिळून बसली आहेस. कागदावर शाई सांडली की तुझं असं तोंड व्हायचं. ओक.”

मी ओकले. जुळवलेली एकही सुरुवात आठवली नाही. घड्याळ, शिडी, स्क्रू, रेघ, फुली, आई, मटार, सगळं उलटंसुलटं सांगितलं. माझी नजर त्यांच्या पायांतल्या लोकरीच्या मोज्यांवर होती. उजव्याला अंगठ्याशी रफू केलं होतं, वेगळ्या रंगाच्या लोकरीने. सांगून झालं. मग खुर्ची हलायला लागली. मी घाबरून वर पाहिलं. साहेब हसत होते. आवाज न करता, खांदे उडवत, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत.

“म्हणजे ते माझं नाही?”

“नाही, साहेब.”

“नक्की?”

“आईची शपथ.”

“अगं बये!” ते म्हणाले, आणि आता त्यांना आवाज सापडला होता. “एकावन्न वर्षं! एकावन्न वर्षं मी विचार करतोय, हे मला सुचलं तरी कसं? रेडिओवर कागद वाचताना दिसलं, तेव्हाच दचकलो. म्हटलं, वा, हे कधी सांगितलं आपण? माझं वाक्य काय होतं माहितीये? ‘संबंधित पक्षांनी सामंजस्याची भूमिका घ्यावी.’ ते वाचलं असतं तर आजपर्यंत कोणी परत आलं नसतं.” आणि मग त्यांनी माझा हात धरला. हात हलका होता, पण पकड जुन्या दिवसांतली. “तुला कल्पना नाही, पेन्सिल, तुझ्या आईने मला किती छळलंय. ज्याचं त्याचं माझ्या घरात येणं सुरू झालं. मला शिव्या घालून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सरळ जेवणाच्या टेबलाशी! का, तर दार लोटलेलं असणार. बायको तर काय, मी जरा आवाज चढवला की म्हणायची, कडी लावायची नाही हं. एका माणसाने माझी खुर्ची ओढली, पाठीत सुरा खुपसला, आणि मला त्याच्याकडे बघून हसावं लागलं. कारण मी तो दारवाला! अगं, एकावन्न वर्षं मला एकदाही दार आपटता आलं नाही!”

“खूप राग यायचा?”

“यायचा! पण वाक्य आधी भिंतीवर लावलेलं, नि मग आपण त्याला शोभेसं वागत बसायचं. दरवेळी वाटायचं, हे बोलणारा माणूस कुणी वेगळा, चांगला आहे, आणि मी त्याच्या जागी कामाला आहे.” ते थांबले, दम घेतला. मग एखादा कट करावा तसे पुढे वाकले. “सिस्टर कुठे आहे?”

“बाटल्या लावतायत.”

“मला दारापाशी ने.”

दातांच्या डॉक्टरने बजावलेलं मला आठवत होतं. पण एकतीस वर्षं ज्याने म्हटलं की मी उठले, त्याने म्हटलं होतं. मी खुर्चीचा खटका सोडला आणि ढकलत दारापाशी नेली. जुनं, जड लाकडाचं दार, पितळेच्या लॅचचं. साहेबांनी दोन्ही हात पुढे केले आणि ढकललं. दार सावकाश गेलं आणि ‘टुक’ करून मिटलं. “छे,” साहेब म्हणाले, “हे काय आपटणं? हे तर बायकोची समजूत काढल्यासारखं झालं. उघड पुन्हा.” दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेतल्या मुलाने बाकावरच्या सोबत्याकडे पाहावं तसं, आणि मी स्टुलावरची पिशवी खाली टाकून त्यांच्या शेजारी उभी राहिले. “कुणाच्या नावाने?” मी विचारलं. “सुरावाल्याच्या,” ते म्हणाले. “आणि तू?” मला कुणी आठवेना. मग म्हटलं, “तुमच्या पदराला इथे पगार नाही म्हणाले होते, त्यांच्या.” आम्ही चार हातांनी दार असं आपटलं की खिडकीच्या काचा थरथरल्या, चौकटीच्या वरचा गिलावा साहेबांच्या टकलावर पडला, आणि लॅचमधून काहीतरी तुटून टणटणत जमिनीवर गेलं. दार आपटून पुन्हा मागे आलं आणि अर्धवट उघडं राहिलं.

नर्स धावत आली. “काय पडलं? काय पडलं?”

“एक वाक्य,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खोकला लागला, आणि खोकता खोकता ते हसत राहिले, आणि नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीला लागून उभी राहिले. तिने त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली, टक्कल पुसलं. त्यांचे गाल लाल झाले होते. पुष्कळ वर्षांनी त्यांना असं पाहिलं.

नर्स गेल्यावर म्हणाले, “वही आणलीयस? लिही. तुझ्या आईला पत्र.” आई जाऊन तीस वर्षं झाली, हे मी बोलले नाही, त्यांनाही ते ठाऊक असावं. माझी पेन्सिल धावायला लागली. किती वर्षांनी! बोटांना सगळं आठवत होतं, डोक्याच्याही आधी. ‘सप्रेम नमस्कार. आपलं वाक्य माझ्याकडे एकावन्न वर्षं होतं. आपल्याला न विचारता वापरलं. माणसं परत आली, ती आपल्यामुळे. माझ्याकडून ते कडेला थोडं झिजलं असेल, त्याबद्दल माफी असावी. आज साभार परत करतो आहे आणि मला फार हलकं वाटतं आहे. एक विचारायचं होतं. आपली मुलगी त्या दुपारी दार लोटून आत आली, तेव्हा आपल्याला आतून…’ आणि ते थांबले. मी पेन्सिल टेकवून वाट पाहिली. खिडकीतून ऊन आलं होतं, रफू केलेल्या मोज्यापर्यंत पोचलं होतं. साहेब झोपले होते, तोंड किंचित उघडं, ओठांच्या कोपऱ्यात हसू तसंच राहिलेलं. मी समासात फुली मारली. उद्या विचारायचं.

निघताना जरा जाग आली त्यांना. मी विचारलं, “साहेब, हे कुणाला सांगायचं का?” म्हणाले, “लेकीला सांग. तिलाही लहानपणापासून दार आपटू दिलं नाही आम्ही. बाकीच्यांचं राहू दे, चालतंय त्यांचं.” अगदी घड्याळवाल्यासारखं. मी बसने घरी आले आणि दुसऱ्या पायाची नखं कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेब गेले. झोपेतच. मी वही घेऊन निघतच होते. रेडिओवरच्या बाईने बातमी दिली आणि मग साहेबांच्या त्या भाषणाचा तुकडा लावला. तरुण आवाज, भरदार, दार नुसतं लोटून ठेवायचं. मी खुर्चीत बसून ऐकलं, आणि पहिल्यांदा त्या वाक्यात मला त्यांचं दचकणं ऐकू आलं. ‘दार’च्या आधी एक श्वास, हे कधी सांगितलं आपण, असा. तिथे मला रडू आलं, आणि रडताना हसूही आलं. मग टेबलाशी बसून पत्र स्वच्छ टाइप केलं. फुलीपर्यंत आले आणि बोटं थांबली. ‘तेव्हा आपल्याला आतून…’ काय विचारायचं होतं? मला सुचत होतं, दहा गोष्टी सुचत होत्या, बोटं शिवशिवत होती. आईचं उत्तरही मला ठाऊक होतं, सालींत गेलेले दाणे मी डोळ्यांनी पाहिले होते. पण जागा कोरी सोडली. टाचणी, बघा.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या घरी गेले तर बाहेर रस्ताभर रांग होती. लोकांना त्यांची खोली बघायला सोडत होते. खुर्ची, चष्मा, खिडकी. आणि दार. अर्धवट उघडं दार, लॅच मोडलेलं, कितीही ओढलं तरी मिटत नव्हतं. लोक त्याच्याशी येऊन थबकत होते. एका बाईंनी चौकटीला हात लावून डोळे मिटले. एक म्हातारे गृहस्थ नातवाला सांगत होते, “बघितलंस? शेवटपर्यंत कडी लावली नाही. जे बोलले तसंच वागले.” मी तोंडाला रुमाल लावला. लोकांनी मला वाट करून दिली, बिचाऱ्या जुन्या सेक्रेटरी म्हणून.

आतल्या बाजूला साहेबांची मुलगी सुताराबरोबर उभी होती. तिच्या हातात दगडावर कोरायच्या मजकुराचा कागद होता आणि डोळे सुजलेले होते. सुतार गुडघ्यावर बसून, पेन्सिल कानाला लावून, लॅच निरखत होता. “बाई,” तो म्हणाला, “लोक म्हणतात साहेबांनी मुद्दाम उघडं ठेवलं. पण हे आपोआप नाही झालेलं. हे पितळ आहे. कुणीतरी मरणाच्या रागाने दार आपटलंय.”

“काहीतरीच काय,” ती म्हणाली. “या घरात दार कोण आपटणार? मला पंधराव्या वर्षी एकदा आपटलं म्हणून बाबांनी तासभर समजावलं होतं.” मग तिची नजर माझ्याकडे गेली. मी रुमाल खाली घेतला नव्हता, पण दातांच्या डॉक्टरला माणसाच्या रुमालामागचं तोंड कळत असावं. “मावशी?”

“रागाने नाही,” मी म्हटलं.

“कुणी आपटलं?”

“दोघांनी मिळून,” मी म्हटलं. “तिसऱ्या खेपेला जमलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, चौकटीवरच्या गिलाव्याच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग हळूहळू तिचे खांदे हलायला लागले, अगदी तसेच, आवाज न करता. बाहेरच्या रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. मी तिच्या हातातला कागद घेतला, घडी केली, आणि माझी वही उघडून तिच्यापुढे धरली. “हे लघुलिपीत आहे, कुणाला वाचता येणार नाही,” मी म्हणाले, “बस, मी वाचून दाखवते. मधे एका ठिकाणी फुली आहे, तिथे थांबायचं.”